चौथ्या मजल्याची लाल वायर

वीस वर्षं मी लोकांना लिफ्टमधून बाहेर काढत आलो आहे. भांडत असलेल्या सासवा-सुना, भाजीवाला, एकदा तर कार्यालयाकडे निघालेला नवरदेव. अडकलेल्या माणसाला बाहेरून सांगायची वाक्यं माझी पाठ आहेत. घाबरू नका, हवा भरपूर आहे, दाराला हात लावू नका, पाच मिनिटांत काढतो. ही वाक्यं आतून किती पोकळ वाटतात ते मला सदाशिव पेठेतल्या एका पाच मजली इमारतीत कळलं. त्या दिवशी आत मी होतो, आणि बाहेर कोणी नव्हतं.

मी हडपसरचा. शेतं गेली, आयटीआय केलं आणि लिफ्टच्या धंद्यात पडलो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते वस्तादही आमच्याच गावचे. पुस्तकातलं त्यांना फारसं येत नसे, पण मशीनरूममधल्या पॅनेलचं दार उघडून ते नुसते उभे राहिले तरी रिलेच्या टकटक आवाजावरून कुठे काय बिघडलंय ते सांगत.

रिले ही वस्तू तशी साधी. लोखंडाच्या तुकड्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारभर वेढे. तारेतून वीज गेली की ते लोखंड लोहचुंबक होतं, समोरची पट्टी खेचून घेतं आणि पट्टीवरचे काँटॅक्ट जुळतात. वीज थांबली की चुंबक मरतं आणि स्प्रिंग पट्टीला मागे ओढते. एवढंच. पण लिफ्टमध्ये या एवढ्याशा खेळावर माणसांचे जीव टांगलेले असतात. प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कुलूप असतं, त्यात एक आकडा आणि एक छोटा स्विच. दार लागून आकडा बसला की स्विच जुळतो. रिलेकडे जाणारी वीज या सगळ्या स्विचांतून फिरून येते. तळमजला, पहिला, दुसरा, असं करत पाचवा, मग केबिनचं स्वतःचं दार, मग केबिनमधलं लाल बटण. सगळे एका माळेत. त्यातल्या कोणीही नाही म्हटलं की रिले पडतो, मोटर बंद होते, ब्रेक आवळला जातो. चालायला सगळ्यांचा होकार लागतो, थांबायला एकाचा नकार पुरतो. ब्रेक आवळणाऱ्या स्प्रिंगला तर वीजही लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी लिफ्ट जागच्या जागी धरलेली राहते. हे ज्याने योजलं त्याचा माणसांवर भरवसा नसावा. बरोबरच होतं त्याचं.

दुरुस्ती करताना कधी कधी एखाद्या स्विचला बाजूला ठेवून लिफ्ट चालवून बघावी लागते. मग पॅनेलमध्ये त्या स्विचच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडायचा. याला जंपर म्हणतात. जंपर असला की दार उघडं असो वा बंद, रिलेला वाटतं सगळं ठीक आहे. वस्तादांचा त्याबाबतीत एकच नियम होता. "जंपर लावायचा तर लाल वायरीचा, आन् हातभर लांब. पॅनेलच्या भाईर लोंबला पायजे. दार लागलंच न्हाय पायजे पॅनेलचं. दार लागलं की मानूस इसरतो." हातभर लाल वायरीचे तुकडे कापून त्यांनी माझ्या पिशवीत टाकून दिले होते. ते गेले, तुकडे अजून होते.

त्या इमारतीची लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीच्या दारांची. सोसायटीच्या सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहायच्या. निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना बाईच म्हणत. त्यांच्या हातची पाटी मी येई तेव्हा तळमजल्यावर लटकलेली असे. एकदा तीवर लिहिलं होतं, ‘लिफ्ट आज चालू आहे. कृपया आश्चर्य व्यक्त करत जिन्यात उभे राहू नये.’ मला राग यायचा, कारण त्यांचं खरं असायचं. चौथ्याच्या कुलपातला आकडा झिजला होता. दार जोरात ओढलं की तो निसटायचा आणि लिफ्ट तिथे नसतानाही दार उघडायचं. येता-जाता कोणाचा धक्का लागला तरी आकडा हलायचा, स्विच सुटायचा, लिफ्ट बंद. लोक स्विचला शिव्या द्यायचे. तो बिचारा एकटाच खरं बोलत होता.

नवं कुलूप मागवलं होतं, येत नव्हतं. आठवड्यात तिसऱ्यांदा मला बोलावलं तेव्हा बाई स्वतः मशीनरूमपर्यंत आल्या. "मी कोणाला विनवत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला सांगते. यांचं डोकं आता जागेवर नसतं. यांना सोडून मी वीस मिनिटांच्या वर बाहेर राहू शकत नाही, आणि माझे गुडघे चार जिने चढत नाहीत. काहीही करा, पण लिफ्ट चालू करून जा." त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, एवढं मला ठाऊक होतं. बाई निघून गेल्यावर मी चौथ्याच्या स्विचला जंपर लावला. लाल नाही. पॅनेलचं दार उघडं दिसलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, म्हणून काळ्या वायरचा बोटभर तुकडा घेतला. दार छान लागलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘चौथ्या मजल्याचे कुलूप दुरुस्त केले.’ बाईंनी खाली सही केली. वॉचमनला सांगितलं, चौथ्याचं दार कोणाला जोरात ओढू देऊ नका. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. वेळ मारून नेली की ती आपल्याला विसरते असं मला वाटत आलंय.

कुलूप आलं त्या सकाळी मी ते पिशवीत टाकून गेलो. अकराचा सुमार. खाली बाई भेटल्या, हातात मेथीच्या दोन जुड्या. मशीनरूम गच्चीवर, आणि गच्चीची किल्ली त्यांच्याकडे होती. "वरपर्यंत येते, कुलूप काढून देते, मग एक मजला उतरून घरी जाईन," म्हणाल्या. आम्ही दोघं लिफ्टमध्ये शिरलो. चौथा मजला मागे पडला आणि लाइट गेली. वर ब्रेक आवळल्याचा दणका ऐकू आला. केबिन उभी.

मी हसलोसुद्धा. "घाबरू नका, हवा भरपूर आहे," म्हटलं.

"मी घाबरलेली दिसते का?" बाई म्हणाल्या. "फोन करा कोणाला तरी."

माझ्या फोनला रेंज नव्हती. त्यांचा फोन घरी होता. "यांनी फ्रीजमध्ये ठेवला असेल, किंवा नसेल," त्या म्हणाल्या. खाली पाण्याचा टँकर घरघरत होता आणि वॉचमनचा टँकरवाल्याशी वाद चालू होता. माझ्या हाका त्याच्यापर्यंत पोहोचेनात. केबिनच्या जाळीतून मी खाली पाहिलं. आमच्या पायाखालची फरशी चौथ्या मजल्याच्या फरशीपासून चारएक फूट वर थांबली होती. समोर खालच्या बाजूला चौथ्या मजल्याच्या दाराचा वरचा भाग दिसत होता. म्हणजे त्या दारापलीकडे लिफ्ट नव्हती. केबिनच्या खाली चार मजल्यांचा रिकामा खड्डा होता.

हे सगळं मी बघत होतो, पण मला अजून काही उमगलं नव्हतं. तेवढ्यात बाईंनी हाक मारली. "अहो! अहो, ऐकलंत का? वॉचमनला बोलवा! मी लिफ्टमध्ये अडकलेय!"

बाईंच्या घराच्या दाराची कडी वाजली. सपाता घासत आल्या. आणि आमच्या पायांच्या पातळीवर, जाळीपलीकडे, एका म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आला. दाढी नुकतीच केलेली, एका गालावर साबण तसाच. त्यांनी वर पाहिलं. बायको दिसली तसे ते हसले. मग तिच्याकडे यायचं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी चौथ्या मजल्याचं दार धरलं.

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात, माझ्या पायाखाली ती चार मजले खोल होती.

"बाई, त्यांना मागे व्हायला सांगा. ते दार उघडतं."

"कसं उघडेल? लिफ्ट तिथे नाहीये."

"कुलूप गेलंय."

"दुरुस्त केलंत ना? मी सही केली."

"नाही केलं. मी जंपर लावला."

जंपर म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं त्या टेलिफोनवाल्याच्या घरात राहिल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्या खाली बसल्या आणि जाळीपाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "अहो, मागे व्हा. घरात जा. मी येते." पण त्यांचा आवाज हलला, आणि तो हललेला आवाज ऐकून ते आणखीच पुढे झाले. "तू आत का? ये की बाहेर," म्हणाले आणि त्यांनी दार ओढलं. दार खडखडलं, पण आकडा टिकला.

लाइट मध्येच आली आणि खाली कोणी बटण दाबलं तर लिफ्ट हलणार होती. जंपरमुळे तिला चौथ्याचं दार उघडं असल्याचं कळणारच नव्हतं. मी केबिनमधलं लाल बटण दाबलं. दाबलं खरं, पण वीज नसताना ते काम करतंय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. दर महिन्याच्या फॉर्मवर त्या बटणापुढे मी बरोबरची खूण करत आलो होतो. शेवटचं ते खरंच कधी दाबून पाहिलं होतं, आठवेना. त्या लोखंडी खोक्यात माझ्याच खुणांनी मला कोंडलं होतं. एक गोष्ट मात्र नक्की होती. केबिनच्या दाराचा स्विच चांगला होता, मुलं रोज ते दार मध्येच उघडून लिफ्ट थांबवायची. मी केबिनचं दार सरकवून उघडलं. आता लाइट आली तरी लिफ्ट हलणार नव्हती.

मग पालथा झोपलो, दोन्ही हात खाली घातले आणि चौथ्याच्या जाळीच्या पट्ट्या घट्ट धरल्या. त्याच वेळी काकांनी दुसरा हिसका दिला. आकडा निसटला. दार वीतभर उघडलं आणि पट्ट्यांच्या कैचीत माझी बोटं चेमटली. मी जीव खाऊन ते परत लोटलं. त्यांनी पुन्हा ओढलं. सत्तरी उलटलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर असतो हे मला माहीत नव्हतं. आमचे चेहरे हातभर अंतरावर होते. त्यांच्या गालावरच्या साबणाचा वास येत होता. किती वेळ असा गेला सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील. बोटं बधिर झाली होती आणि मला स्वच्छ कळत होतं की हात आधी माझेच सुटणार. बाई सारख्या बोलत होत्या, दूध आलंय बघा, बेल वाजतेय बघा, आणि त्यातलं काहीही त्यांच्यापर्यंत जात नव्हतं. मी रडत होतो हे मला नंतर बाईंनी सांगितलं.

एकाएकी काकांनी ओढायचं थांबवलं. माझ्या बोटांतून रक्त आलं होतं, ते त्यांना दिसलं असावं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम साहेबी कडकपणा आला.

"लाइनवर काम चालू आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"मग टॅग कुठाय? ‘काम चालू’चा लाल टॅग न लावता हात घातला? शिफ्टला कोण आहे?"

बाई कुजबुजल्या, "सांगा, मी आहे म्हणून सांगा."

"मी आहे, सर."

"टॅग लाव आधी."

बाईंनी माझी पिशवी ओढून उलटी केली. "लाल काही आहे?" वस्तादांच्या वायरचे तुकडे फरशीवर पडले. बाईंनी त्यातला एक उचलला आणि माझ्या हातांच्या मधून जाळीतून खाली सोडला. "अहो, तुम्हीच लावा. त्याला येत नाही," त्या म्हणाल्या. आता आवाज वर्गातला होता, अजिबात न हलणारा.

काकांनी वायर घेतली, दोन बोटांत ताणून पाहिली. मग दाराची कडेची पट्टी आणि चौकटीचा खांब यांना धरून तिचे वेढे घालायला लागले. एक वेढा, एक गाठ, पुन्हा वेढा, पुन्हा गाठ, सगळ्या सारख्या अंतरावर. एक्स्चेंजमध्ये शेकडो वायरींचे जुडगे असेच बांधत असणार. ज्यांना सकाळी चहा घेतला की नाही ते आठवत नव्हतं, त्यांच्या हातांना गाठ आठवत होती. शेवटची गाठ आवळून त्यांनी दार ओढून पाहिलं. हललं नाही. मी हात सोडले.

लाइट आली तेव्हा केबिनमधला पंखा तेवढा सुरू झाला. केबिन हलली नाही. लाल बटणाने तिला धरलं, की केबिनच्या दाराच्या स्विचने, हे मी तपासलं नाही. त्या क्षणी मला तपासायची भीती वाटली. टँकर गेल्यावर माझी हाक खाली पोहोचली होती. वॉचमन धापा टाकत वर आला आणि काकांना हाताला धरून घरात घेऊन गेला. मग मी लाल बटण वर ओढलं, केबिनचं दार लावलं आणि आम्ही पाचव्यावर जाऊन उतरलो. बाई गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवून, माझ्याकडे न बघता जिना उतरल्या, कठड्याला धरून, एकेक पायरी.

मी मशीनरूममध्ये जाऊन ती काळी वायर काढली. आता नवं कुलूप बसेपर्यंत लिफ्ट बंदच राहणार होती. मग चौथ्यावर येऊन नवं कुलूप खोक्यातून काढलं आणि मटकन पायरीवर बसलो. कुलूप डाव्या हाताच्या दाराचं होतं. आम्हाला हवं होतं उजव्या हाताचं. मागणी लिहिताना चूक माझीच झाली होती.

बाई दारात उभ्या होत्या. "किती दिवस?"

"चार. पाचही लागतील."

मेथीच्या जुड्या अजून त्यांच्या हातातच होत्या. मग इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं. "यांना मी घरात ठेवून बाहेरून कुलूप लावीन. मी स्वतः चावी गळ्यात घालीन. तुमची ती वायर परत लावता येईल का?"

हे विचारणं त्यांना किती जड गेलं असेल हे मला कळत होतं. अर्ध्या तासापूर्वी नवरा त्या खड्ड्याच्या तोंडाशी उभा होता, तरी त्या विचारत होत्या, इतका तो चौथा मजला त्यांच्या गळ्याशी आला होता. माझ्या अंगात हो म्हणायची जुनी खोड होती.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "रजिस्टर आणा. खरं काय ते लिहा. खाली मी माझ्या हाताने तक्रार लिहिणार आहे." मी लिहिलं. त्यांनी तक्रार लिहिली, चार ओळी, एकही शब्द जास्त नाही. ऑफिसात मला जे ऐकून घ्यायचं ते मी ऐकून घेतलं.

त्यानंतरचे पाच दिवस बाई घराबाहेर पडल्या नाहीत. रोज सकाळी कामावर जाता जाता मी दूध-भाजी घेऊन चार मजले चढायचो. माफी मागायची सबब चांगली होती, मागता मात्र आली नाही. दार किलकिलं व्हायचं, पिशवी आत जायची. आत रेडिओ चालू असायचा आणि बाईंचा आवाज, तेच तेच उत्तर पुन्हा पुन्हा देणारा. जिना उतरताना मला वाटायचं, मी अर्धा तास अडकलो त्याचं इतकं कौतुक, आणि ही बाई?

सहाव्या दिवशी उजव्या हाताचं कुलूप आलं. वर गेलो तर लिफ्टच्या दारासमोर खुर्ची टाकून काका बसलेले. दाराला ती लाल वायर जशीच्या तशी होती. बाई घराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

"दाराला हात लावायचा नाही," काका मला म्हणाले. "टॅग आहे. दिसत नाही का?"

"सर, मी दुरुस्त करायला आलोय."

"ज्याने लावला त्यानेच काढायचा. तो आला की काढेल."

मी कुलूप हातात धरून उभा राहिलो. बाईंकडे पाहिलं. त्या नवऱ्याजवळ आल्या आणि त्याचा हात धरून त्या गाठींवर ठेवला. "अहो, बघा तरी कोणाची गाठ आहे ती."

काका गाठींवरून बोटं फिरवत राहिले. पहिली, दुसरी, तिसरी. मग त्यांनी शेवटची गाठ सोडवायला घेतली. सगळे वेढे काढून झाल्यावर वायर बोटांभोवती गुंडाळली आणि माझ्यापुढे धरली. सोडली मात्र नाही.

"शिफ्टला कोण आहे?"

"मी आहे," मी म्हणालो. तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली.